कॅमेऱ्याची बॅग : आधी वजन पाहा, मग बॅग निवडा

कॅमेरा आणि लेन्स विकत घेताना पुष्कळ चौकशी केली जाते. हे साहित्य ज्या बॅगेतून दिवसभर वागवायचे, तिची खरेदी मात्र बहुधा शेवटी आणि घाईने होते. परिणामी पहिल्या एक-दोन सहलींतच खांदे भरून येतात आणि हौसेने घेतलेला कॅमेरा घरीच राहू लागतो. बॅग निवडताना रंग, आकार वा कप्प्यांची संख्या यांपेक्षा एकच प्रश्न महत्त्वाचा आहे : हे वजन शरीराच्या कोणत्या भागावर येणार?

त्यासाठी प्रथम साहित्याचे वजन करणे इष्ट. कॅनन ५डी मार्क ४ हा कॅमेरा बॅटरीसह सुमारे ८९० ग्रॅमचा आहे. त्याच्या जोडीला २४-७० मिलिमीटर एफ २.८ लेन्स सुमारे ८०० ग्रॅमची आणि ७०-२०० मिलिमीटर एफ २.८ लेन्स सुमारे दीड किलोची. म्हणजे तीनच वस्तूंचे वजन तीन किलोंच्या पुढे जाते. फ्लॅश, चार्जर, लिटरभर पाणी आणि रिकाम्या बॅगेचे वजन धरले, तर हा भार सहा किलोंच्या घरात पोहोचतो. मिररलेस कॅमेरे तुलनेने हलके असले, तरी मोठ्या लेन्सचे वजन त्या प्रमाणात कमी होत नाही.

एका खांद्यावरची बॅग

अशा बॅगेतून लेन्स चटकन काढता येते. अमेरिकेतील ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ या दैनिकाचे छायाचित्रकार जिम डोमके यांनी १९७५ च्या सुमारास तयार केलेली मऊ कॅनव्हासची बॅग याच सोयीमुळे वृत्तछायाचित्रकारांमध्ये लोकप्रिय झाली. तथापि, एका खांद्यावर भार आला की तो खांदा नकळत उचलला जातो, पाठीचा कणा विरुद्ध बाजूला झुकतो आणि मानेचे स्नायू आखडतात. म्हणून एक कॅमेरा आणि एखादी लहान लेन्स एवढ्यासाठीच ही बॅग योग्य. पट्टा रुंद असावा, तो छातीवरून तिरका घ्यावा आणि अधूनमधून खांदा बदलावा.

पाठीवरची सॅक

भार अधिक असेल, तर सॅकला पर्याय नाही. मात्र तिचा खरा आधार खांद्यांवरचे पट्टे नसून कमरेचा पट्टा हा आहे. जाड अस्तराचा पट्टा कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर बसला की बराचसा भार थेट पायांकडे जातो. अरुंद, पातळ पट्टी केवळ सॅक हलू देत नाही. ती भार पेलत नाही.

सॅकचे माप उंचीवरून नव्हे, तर पाठीच्या लांबीवरून ठरते. मान पुढे वाकवली असता तिच्या तळाशी हाताला लागणाऱ्या हाडापासून कमरेच्या हाडाच्या वरच्या पातळीपर्यंतचे अंतर मोजावे. सॅक चढवल्यावर प्रथम कमरेचा पट्टा आवळावा, नंतर खांद्यांचे आणि शेवटी छातीवरचा. सर्वांत जड लेन्स पाठीलगत ठेवावी. ती बाहेरच्या बाजूस असल्यास सॅक मागे ओढली जाते.

वापर कोठे, यावर निवड

सह्याद्रीतील गड चढताना दोन्ही हात मोकळे हवेत. तेथे कमरपट्ट्याची सॅकच उपयोगी. ताडोबा किंवा कान्हा येथील जीप सफारीत भार अंगावर नसतो. तेथे बॅग पटकन उघडणे महत्त्वाचे. लोकल वा मेट्रोच्या गर्दीत पाठीच्या बाजूने उघडणारी सॅक अधिक सुरक्षित ठरते.

भारतातील बहुतेक देशांतर्गत विमानांत साध्या श्रेणीच्या प्रवाशाला केबिनमध्ये ७ किलोंचे सामान नेता येते. त्यामुळे रिकामी बॅगच दोन-अडीच किलोंची असेल, तर साहित्यासाठी फारसे वजन उरत नाही. जादा लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात ठेवण्यास मनाई असल्याने त्यांचे वजनही याच हिशेबात धरावे.

पावसाळ्यासाठी स्वतंत्र आवरण हवेच, कारण कापड पाणी थोपवत असले तरी ते शिवणीतून व चेनमधून झिरपते. ओल्या बॅगेत लेन्स ठेवल्यास तिला बुरशी लागू शकते. त्यामुळे घरी येताच साहित्य बाहेर काढून बॅग वाळवावी.

दुकानातील परीक्षा

रिकामी बॅग कोणालाही हलकीच वाटते. खरेदीला जाताना आपले साहित्य सोबत न्यावे, बॅग पूर्ण भरावी, पंधरा-वीस मिनिटे चालावे, जिना चढावा, वाकून पाहावे. पट्टे मानेला घासत असतील किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर ती बॅग घेऊ नये. बॅग बदलूनही त्रास कायम राहिल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि भारही कमी करावा. त्या दिवशी न लागणारी लेन्स घरी ठेवणे, हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.