दुसऱ्या भाषेतून जावास्क्रिप्टकडे: एम्स्क्रिप्टेनचा परिचय

एम्स्क्रिप्टेन हा सी आणि सी++ मधील प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये चालण्याजोगा करणारा कंपायलर आहे. अलॉन झकाय यांनी त्यावर २०१० मध्ये काम सुरू केले. जावास्क्रिप्ट ही १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीच्या ब्रेंडन आइख यांनी अवघ्या दहा दिवसांत उभी केलेली भाषा. पुढे अनेक वर्षे प्रत्येक ब्राउझरला थेट समजणारी भाषा तीच होती, म्हणून इतर भाषांना तिच्यात उतरावे लागले. गूगलच्या वेब टूलकिटने २००६ मध्ये जावासाठी ते केले, मायक्रोसॉफ्टची टाइपस्क्रिप्ट २०१२ मध्ये आली. टाइपस्क्रिप्टचे काम तुलनेने सोपे, कारण ती जावास्क्रिप्टवरच रचलेली आहे. सी++ ची गोष्ट वेगळी.

सी++ जावास्क्रिप्टमध्ये उतरवण्याच्या खटाटोपाचे मोल देवनागरीच्या उदाहरणावरून कळते. ‘बुद्रुक’ हा शब्द संगणकात सात संकेतांचा असतो: ब, उकार, द, हलन्त, र, उकार, क. त्यातील द, हलन्त आणि र जुळून ‘द्र’ व्हावे लागते, मग त्याखाली उकार बसतो. ‘वर्धा’ मध्ये र हा ध च्या आधी साठवलेला असतो, पण रफार डोक्यावर काढायचा असतो. हे सारे नियम हार्फबझ या सी++ लायब्ररीत आहेत. क्रोम, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस तिच्यावरच अवलंबून आहेत. मात्र कोणता आकार कुठे बसला, हे ब्राउझर पानावरील प्रोग्रॅमला सांगत नाही. पीडीएफ बनवणाऱ्या किंवा अक्षररचनेच्या साधनाला तर तेच हवे असते. हार्फबझ पुन्हा जावास्क्रिप्टमध्ये लिहिणे म्हणजे वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्या फेकून देणे. एम्स्क्रिप्टेनमुळे ती आहे तशी वापरता येते.

रूपांतराची पहिली पायरी एलएलव्हीएम ही प्रणाली करते. ती सी++ चे यंत्राजवळच्या साध्या सूचनांत विघटन करते. पुढे स्मृतीचा प्रश्न येतो. सी मध्ये पॉइंटर म्हणजे स्मृतीतील पत्ता. जावास्क्रिप्टमध्ये पत्ते नाहीत. म्हणून एकच लांबलचक अंकसूची घेतली जाते आणि पॉइंटर हा तिच्यातील घराचा क्रमांक ठरतो.

सर्वांत चिवट भाग उड्यांचा आहे, आणि एम्स्क्रिप्टेनची खरी करामतही तिथेच दिसते. विघटित प्रोग्रॅम म्हणजे सूचनांचे तुकडे आणि एकातून दुसऱ्यात मारलेल्या उड्या. जावास्क्रिप्टमध्ये अशी मनसोक्त उडी नाही. तिथे फक्त अटी, आवर्तने आणि त्यांतून बाहेर पडण्याच्या वाटा आहेत. झकाय यांनी २०११ च्या शोधनिबंधात मांडलेली ‘रीलूपर’ ही रीत उड्यांचे जाळे वाचून त्यातून आवर्तने पुन्हा ओळखते: कोणत्या तुकड्यांतून फिरून मागे येता येते, कोणते स्वतंत्र आहेत. एका आवर्तनात दोन दारांनी शिरता येत असेल, तर कोणत्या दाराने यायचे याची नोंद एका चलात ठेवली जाते. मूळ प्रोग्रॅमरने लिहिलेली आणि एलएलव्हीएमने मोडलेली रचना अशी परत उभी राहते.

अंकांचेही वळण वेगळे. जावास्क्रिप्टमधील साधा अंक अपूर्णांकही धरतो, त्यामुळे सातला दोनने भागले की साडेतीन येतात. सी मध्ये तीन. म्हणून बेरीज, भागाकार अशा क्रियांनंतर शून्याशी ‘किंवा’ ही क्रिया करून उत्तर ३२ बिटांत बसवले जाते. २०१३ मध्ये मोझिलाने याच खुणांवरून एएसएम.जेएस ही शिस्तबद्ध पोटभाषा बेतली. ती ओळखणारा ब्राउझर कोड आधीच यंत्रभाषेत नेऊ शकतो. ६४ बिटांचे पूर्णांक मात्र दोन तुकड्यांत वागवावे लागत, आणि त्यांचा गुणाकार संथ होई.

आणखी एक अवघड गोष्ट थांबण्याची. सी प्रोग्रॅम फाइल वाचून होईपर्यंत खुशाल थांबतो. ब्राउझरचा मुख्य धागा (थ्रेड) थांबला की पान गोठते. ‘असिंकिफाय’ ही सोय प्रोग्रॅमची स्थिती जपून नंतर तिथूनच पुढे चालू करते, पण त्यासाठी कोड फुगतो. स्मृतीची साफसफाईही आपोआप होत नाही. हार्फबझला फॉन्ट देताना त्याचे बाइट त्या अंकसूचीत नकलावे लागतात आणि काम संपल्यावर जागा हाताने मोकळी करावी लागते; विसरल्यास ती अडून राहते. चूक शोधताना मूळ ओळ सापडावी म्हणून सोर्स मॅप लागतो.

२०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत वेबअसेंब्ली ही यंत्राजवळच्या सूचनांची भाषा आली आणि ५ डिसेंबर २०१९ रोजी ती डब्ल्यू३सी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेचे मानक झाली. एम्स्क्रिप्टेन आता मुख्यतः तीच निर्माण करतो. हार्फबझची ब्राउझरसाठीची आवृत्तीही त्याच रूपात मिळते. ६४ बिटांचे पूर्णांक तिथे मूळचेच आहेत. मनसोक्त उडी मात्र वेबअसेंब्लीतही नाही, त्यामुळे आवर्तने ओळखण्याचे काम कंपायलरला आजही करावे लागते. पानावरील बटण, मजकूर किंवा चित्र बदलायचे तर जोडणारा कोड जावास्क्रिप्टमध्ये लिहावाच लागतो.