अंधारात सापडणारं बटण

खान्देशातला उन्हाळा कसा असतो, हे जळगाव-धुळ्याच्या दोस्तांना सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. या दिवसांत पळण्याचा सराव करायचा तर तो पहाटेच, उजाडायच्या आत. जळगावला मेहरूण तलावाच्या बाजूला, धुळ्यात गरुड मैदानाकडे, नाहीतर गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर मुलंमुली पळताना दिसतात. त्यांतले बरेच जण पोलीस भरतीची तयारी करत असतात. भरतीत मुलांना १६०० मीटर पळायचं असतं, मुलींना ८०० मीटर. सेकंद वाढले की गुण कमी! एक-दोन गुणांवरून नोकरी हुकू शकते. म्हणून मनगटावर घड्याळ असतं, आणि मागून "किती झाले रे भो?" असं विचारणाराही असतो.

आता जरा डोळ्यांसमोर आणा. अंधार आहे, बोटं घामाने निसरडी झालीत, छाती भात्यासारखी चाललीय. अशा वेळी घड्याळाचं नेमकं हवं ते बटण कसं सापडायचं? खेळाडूचं घड्याळ बनवणाऱ्यापुढे हाच खरा प्रश्न असतो. घड्याळ दिसायला झकास असेल हो, पण दुकानातल्या झगमगाटात बघून हे कळत नाही.

कॅसिओचं 'एफ-९१डब्ल्यू' हे काळं, प्लॅस्टिकचं घड्याळ तुम्ही कुणाच्या ना कुणाच्या हातात पाहिलं असेल. ते १९८९ मध्ये आलं आणि अजूनही विकलं जातं. वजन जेमतेम २१ ग्रॅम. बटणं फक्त तीन. स्टॉपवॉच लावलं की उजवीकडचं बटण ते चालू-बंद करतं. डावीकडचं वरचं बटण दिव्याचं. पण थांबा, स्टॉपवॉचमध्ये त्याच बटणाला दुसरंही काम आहे! घड्याळ पळत असताना ते दाबलं, तर तेवढ्यापुरती वेळ पडद्यावर थांबून राहते. (आत मोजणं चालूच असतं, पुन्हा दाबलं की चालू वेळ दिसते.) मैदानाच्या ४०० मीटरच्या चार फेऱ्या मारताना प्रत्येक फेरीची वेळ बघायला ही सोय छान. आणि स्टॉपवॉच बंद केल्यावर तेच बटण दाबलं, तर आकडे सरळ शून्यावर!

म्हणजे बघा, चार फेऱ्या जीव तोडून पळायचं, स्टॉपवॉच बंद करायचं, अंधारात दिसत नाही म्हणून दिवा लावायचा, आणि दिव्याच्या उजेडात वाचायचं काय, तर शून्य! दिवसा याचा काहीच त्रास नाही. तीन बटणांत सगळं बसवलं म्हणून तर घड्याळ स्वस्त आणि हलकं झालं. पण पहाटे पळणाऱ्यासाठी दिव्याचं बटण वेगळंच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बरं, दिवा तरी कसा? या घड्याळात डाव्या कडेला एक इवलासा दिवा आहे. त्यामुळे डावीकडचे आकडे उजळतात आणि उजवीकडचे मिणमिणतात. पळणाऱ्याला महत्त्वाचे असतात सेकंद, आणि ते नेमके उजवीकडे!

१९९२ मध्ये टाइमेक्स कंपनीने 'इंडिग्लो' आणलं. त्यात दिवा कडेला नाही, तबकडीच उजळते. तबकडीमागे झिंक सल्फाइड या पदार्थाचा पातळ थर असतो. त्याला उलटसुलट वाहणारी वीज दिली की तो निळसर-हिरवा चमकतो. मात्र त्याला शंभराहून जास्त व्होल्ट लागतात आणि घड्याळाचा सेल असतो दीड किंवा तीन व्होल्टचा! म्हणून आत एक छोटीशी जोडणी हा दाब वाढवते. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये बॉम्बस्फोट झाला आणि जिन्यांत काळोख पसरला. तेव्हा एका माणसाने आपल्या इंडिग्लोच्या उजेडात लोकांना खाली उतरवल्याच्या बातम्या आल्या होत्या.

मग खूप प्रखर दिवा लावला की झालं? छे! अंधाराला पुरते सरावायला आपल्या डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात. पांढराशुभ्र झोत पडला की ती सगळी तयारी क्षणात जाते. पुढचे काही क्षण रस्त्यावरचा खड्डा दिसत नाही, की आडवं आलेलं कुत्रं दिसत नाही. म्हणून आकडे वाचता येतील एवढाच मंद उजेड बरा.

पूर्वी तर बटणच लागायचं नाही, काटे आपोआप चमकायचे. ते खरोखरचं रेडियम. अमेरिकेत १९१७ पासून काही कारखान्यांत तरुण मुली ते तबकड्यांवर रंगवत. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवलं होतं. रेडियम पोटात गेलं, हाडांत बसलं, आणि कितीतरी जणी आजारी पडून मेल्या. आजच्या काट्यांवर रेडियम नसतं. १९९३ मध्ये जपानच्या नेमोतो कंपनीने 'ल्युमिनोव्हा' हा निर्धोक रंग काढला. तो उजेड साठवतो आणि अंधारात परत देतो. आपल्याकडे मात्र गाडीच्या नंबरप्लेटचं दुकान आजही 'रेडियम'वालाच!

पुन्हा बटणांकडे येऊ. नव्वदच्या दशकात कॅसिओच्याच काही जी-शॉक घड्याळांवर दिव्याचं बटण तबकडीच्या खाली, समोर आणि भलंमोठं दिलं. न बघता बोट तिथेच जातं. बटण फार बाहेर आलं, तर मनगट वाकलं की आपोआप दाबलं जातं. फार आत गेलं, तर घामेजलं बोट घसरतं. म्हणून बटणावर खाचा पाडतात आणि बाजूला छोटा बांध ठेवतात.

आता काचेला नुसता स्पर्श करून चालणारी घड्याळं आली आहेत. पण घामाच्या थेंबालाही ती बोट समजू शकतात! म्हणून पळणाऱ्यांच्या बऱ्याच महागड्या घड्याळांवर आजही कडेला पाच बटणं असतात.

खान्देशात आणखी एक अडचण येते. चाळीस अंशांच्या पुढे आकड्यांचा पडदा वाचायला कठीण जाऊ शकतो, फार तापला तर काळाच पडतो. दुपारी घड्याळ गाडीत काचेपुढे राहिलं तर घाबरू नका. सावलीत निवू द्या, बहुधा आकडे परत येतात.

घड्याळ घ्यायला आई-बाबांबरोबर दुकानात गेलात, तर काउंटरवरच एक परीक्षा घ्या. ते हातात बांधा, बोटं ओली करा, डोळे मिटा. स्टॉपवॉच चालू करा, बंद करा आणि दिवा लावा. मग डोळे उघडून बघा, वेळ जागेवर आहे का!