चार वर्षे झाली, मग पदवी का नाही?

या पानावर एरवी आपण बोंडअळी, ठिबक आणि माती परीक्षणाचे बोलतो. आजचा विषय वेगळा असला तरी तो तुमच्या सात-बाऱ्याच्या बाहेरचा नाही. इंजिनिअरिंगची फी, वसतिगृह आणि खानावळ यांसाठी बँकेचे कर्ज काढलेली, बैलजोडी किंवा दागिने मोडलेली घरे आज गावोगाव आहेत. त्यातल्या बऱ्याच घरांत एकच हिशेब चालतो : पोरगा अमुक साली लागला, चार वर्षे झाली की सुटला. पाचव्या वर्षी ‘अजून एक विषय राहिलाय’ असे कानावर आले की घरात वाद सुरू होतात.

घोळ असा होतो की घरचे लोक वर्षे मोजतात आणि विद्यापीठ क्रेडिट मोजते. क्रेडिट म्हणजे काय हे बापाला माहीत नसते. पोरगा सांगत नाही, आणि कॉलेजकडून पालकाला ते क्वचितच कोणी समजावते.

तर आधी ते समजून घ्या. आठवड्याला एक तास वर्गात शिकवणे, असे पूर्ण सत्रभर, म्हणजे एक क्रेडिट. प्रात्यक्षिकाचे दोन तास धरले तर एक क्रेडिट. एखाद्या विषयाचे आठवड्याला तीन तास शिकवणे आणि दोन तास प्रात्यक्षिक असेल तर तो विषय चार क्रेडिटचा झाला. असे आठ सत्रांत मिळून किती क्रेडिट लागतात? अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात १६० चा आकडा धरला. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यात चार वर्षांच्या पदवीसाठी १६० ते १७६ अशी मर्यादा ठरली आहे. म्हणजे दर सत्राला वीस-बावीस क्रेडिट पदरात पडलेच पाहिजेत. विषयात पास झाला तरच त्याचे क्रेडिट मिळते. नापास विषयाचे अर्धे-पाव काही मिळत नाही.

ज्यांची मुले तंत्रनिकेतनाची पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला लागतात, त्यांना सहा सत्रे असतात आणि पहिल्या वर्षाचे क्रेडिट कमावावे लागत नाहीत. पण गणिताचा पाया कच्चा असेल तर दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच सत्रात तो अंगावर येतो. पदविकेला ऐंशी टक्के होते म्हणून निर्धास्त राहू नका.

आता बहुतेक घरांत पोरगा कुठे अडकतो ते सांगतो. एखाद-दुसरा विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसू देतात, त्याला पोरे एटीकेटी म्हणतात. ही सवलत आहे, पण तिला कुंपण आहे. विषय किती राहिले तर चालतात ते प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे. आपल्याकडच्या बहुतेक विद्यापीठांत मात्र एक नियम सारखा दिसतो : पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाचे दार उघडत नाही, आणि दुसऱ्या वर्षाचे सुटल्याशिवाय चौथ्याचे. पहिल्या वर्षाचा गणिताचा पेपर राहिलेला पोरगा दुसरे वर्ष व्यवस्थित पार करतो, तिथे चांगले गुणही घेतो, आणि तरी तिसऱ्या वर्षाच्या तोंडाशी थांबतो. याला पोरांच्या भाषेत ‘वायडी लागला’ म्हणतात. ते वर्ष तो घरी किंवा पुण्या-नाशकात खोली करून काढतो. त्या वाया गेलेल्या वर्षाची शिष्यवृत्ती सहसा मिळत नाही, वसतिगृहातली जागा जाते, आणि बँकेचे व्याज थांबत नाही.

म्हणून पहिल्या वर्षाच्या निकालाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. चौथ्या वर्षी पोरगा बऱ्याच अंशी आपला आपण चालतो. पहिल्या वर्षी तो बारावीच्या क्लासमधून, मराठी बोलणाऱ्या वर्गातून एकदम इंग्रजी पुस्तकांत जाऊन पडतो. घरी सांगायची लाज वाटते. ‘पास झालास का?’ एवढेच विचाराल तर तो ‘हो’ म्हणेल, कारण एटीकेटीत पुढच्या वर्गात बसणे म्हणजेच पास, असे तो धरून चालतो. विचारायचे ते असे : ‘या सत्रात क्रेडिट किती होते आणि मिळाले किती?’ गुणपत्रिकेवर दोन्ही आकडे छापलेले असतात. अंगठा लावणारा बापही ते दोन आकडे ताडून बघू शकतो.

दुसरी गोष्ट हजेरीची. इथे आपण शेतकरी लोक नकळत पोराचे नुकसान करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हजेरीची अट साधारण ७५ टक्क्यांची असते. आठवड्याला तीन तास असलेला विषय सत्रभरात पंचेचाळीसच्या आसपास तास भरतो. त्यातले अकरा तास चुकले की पोरगा काठावर आला. अकरा तास म्हणजे साधारण पावणेचार आठवडे. आता आपले दिवस बघा. पहिले सत्र पावसाळ्यात सुरू होते, ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी येते, मजूर मिळत नाही आणि आपण फोन करतो, ‘दोन आठवडे ये रे.’ त्याच दिवसांत कॉलेजात सबमिशन चालू असते. प्रात्यक्षिक आठवड्यातून एकदाच असते. सगळी मिळून दहा-बारा. त्यातली दोन-तीन गेली की फाईल अपुरी राहते, टर्मवर्क मिळत नाही, आणि टर्मवर्क नसेल तर परीक्षेला बसण्याचीच अडचण होते. लेखी पेपर पुन्हा देता येतो. टर्मवर्क राहिले तर बहुतेक ठिकाणी ते सत्र पुन्हा येईपर्यंत थांबावे लागते.

मजुरीचे दर मला माहीत आहेत. सोयाबीन काढायला उक्ते दिले तर किती जातात तेही माहीत आहे. तरी दोन आठवड्यांची मजुरी एका बाजूला आणि एक वर्ष वाया जाण्याचा खर्च दुसऱ्या बाजूला मांडून बघा. काढणीला पोरगा हवाच असेल तर शनिवार-रविवार धरून बोलवा, आणि प्रात्यक्षिक कोणत्या वारी आहे ते आधी विचारा.

तिसरी गोष्ट छोटी, पण तिने बऱ्याच पोरांचा निकाल अडकतो. काही विषय असे असतात की त्यांचे गुण सरासरीत धरले जात नाहीत, पण ते पूर्ण करणे सक्तीचे असते. त्यांना ऑडिट कोर्स म्हणतात. पर्यावरणाचा विषय तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर सगळ्याच पदव्यांना आला. ‘याचे गुण धरत नाहीत’ म्हणून पोरे तिकडे बघत नाहीत, आणि शेवटच्या सत्राचा निकाल ‘राखीव’ म्हणून येतो. इंटर्नशिप आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट यांचेही तसेच. कारखान्यात जाऊन काम केले, पण दाखला आणि अहवाल दिला नाही, तर ते केले नाही असेच धरतात.

याच्या उलट, ‘ऑनर्स’ किंवा ‘मायनर’ म्हणून जे अठरा-वीस जादा क्रेडिट असतात ते सक्तीचे नाहीत. मूळ विषय राहिलेले असताना त्याची फी भरू नका.

नव्या धोरणात मधेच बाहेर पडण्याची सोय झाली आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर तीन वर्षांची पदवी, आणि त्यासाठी कौशल्याचे काही जादा क्रेडिट. अडचणीत सापडलेल्या घराला ही वाट चांगली आहे. पण माझे मत विचाराल तर, केवळ गणित जड जाते म्हणून पोराने ती धरू नये. नोकरीच्या जाहिरातीत ‘अभियांत्रिकी पदवी’ लिहिलेली असते तेव्हा चार वर्षांचीच पदवी अपेक्षित असते.

बारावीच्या मुलांचे पालक आमच्याकडे येतात तेव्हा बी.एस्सी. कृषी आणि बी.टेक. कृषी अभियांत्रिकी हे एकच समजतात. ते वेगळे आहेत. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत कृषी अभियांत्रिकीची पदवी आहे. अवजारे, जलसंधारण, सिंचन, प्रक्रिया हा तिचा गाभा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टुडंट रेडी’ योजनेपासून तिथे शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष कामाला, म्हणजे प्रशिक्षण, कारखान्यातले काम आणि प्रकल्प यांना मोठा वाटा आहे. ‘शेवटच्या वर्षी काय, तास नसतात’ अशा समजुतीत राहू नका.

आणि अनंत काळ परीक्षा देता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सूचनेत नेमलेल्या मुदतीवर दोन वर्षे, आणि खास कारण असेल तर आणखी एक, असे धरले आहे. प्रत्येक विद्यापीठ आपला नियम करते, तो कॉलेजच्या नियमपुस्तिकेत वाचा. शिवाय अभ्यासक्रम बदलत राहतो. पुणे विद्यापीठात २०१२, २०१५, २०१९ आणि २०२४ असे पॅटर्न झाले. जुन्या पॅटर्नची परीक्षा काही ठरावीक वेळाच घेतात. नंतर त्याच विषयाऐवजी नव्या अभ्यासक्रमातला समकक्ष विषय द्यावा लागतो, आणि पोराजवळ ना त्याची पुस्तके असतात ना शिकवणारा.

आता गावातील ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी आणि सरपंचांना दोन शब्द. अडचण नेहमी अभ्यासाचीच असते असे नाही. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, जात पडताळणी यांच्या मुदती पोराच्या डोक्यावर टांगत्या असतात. नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते आणि प्रवेशाची घाई जून-जुलैत असते. मधल्या एप्रिल-मे महिन्यांत गावात एक शिबिर लावले तर किती हेलपाटे वाचतील! महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी नव्याने नूतनीकरण करावा लागतो, हे बऱ्याच पालकांना माहीत नसते. मुलींच्या पालकांनी तर मुद्दाम चौकशी करावी : आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ झाले आहे. परीक्षा आणि इतर फीचे नियम पावतीवर तपासून घ्यावेत. मूळ कागदपत्रे कॉलेजने ठेवून घ्यायची नाहीत असा आयोगाचा २०१८ चा आदेश आहे. दाखवून, छायांकित प्रती देऊन मूळ कागद घरी आणावेत.

शेवटचे सत्र सुटले, सगळे क्रेडिट भरले, तरी पदवीचा कागद आपोआप टपालाने येत नाही. कॉलेजचे ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह यांची ‘देणे नाही’ची सही घ्यावी लागते, आणि विद्यापीठाच्या पदवीदान समारंभासाठी मुदतीत अर्ज व फी भरावी लागते. तोपर्यंत तात्पुरत्या प्रमाणपत्रावर काम चालते. सत्रागणिक मिळालेले क्रेडिट आता अकॅडमिक बँकेत जमा होतात आणि डिजीलॉकरवर दिसतात. पोराचे नाव तिथे, दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि आधारवर एकसारखे आहे ना, एवढे या सुट्टीत त्याच्याजवळ बसून बघून घ्या. वडिलांच्या नावातला एखादा काना-मात्रा बदलला की दुरुस्तीला प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रापर्यंत जावे लागते, आणि ते काम पोरगा शिकत असताना करणे सोपे पडते.