चाळीस हंड्यांचं पिच

भाताची झोडणी उरकली की खळ्याचं काम संपतं. म्हणूनच तलासरीहून उधव्याकडे जाताना, पौषातल्या एका संध्याकाळी, रिकाम्या खाचरात एक म्हातारे गृहस्थ उकिडवे बसून जमीन चोपताना दिसले, तेव्हा मी गाडी थांबवायला सांगितली. भारे केव्हाच घरी गेले होते, पेंढ्याची उडवी रचून झाली होती. आता खळं कोणासाठी?

"पोरांचं पिच," बाबा म्हणाले. हात थांबला नाही.

रविवारी टेनिस क्रिकेटची स्पर्धा होती. आसपासच्या पाड्यांवरचे संघ, सहा-सहा षटकांचे सामने, पहिल्या नंबरला बोकड आणि दुसऱ्याला कोंबडे. खेळणारी बहुतेक मुलं आठवडाभर उंबरगावच्या नाहीतर बोईसरच्या कारखान्यांत पाळ्या करतात. पिचसाठी त्यांना वेळ मिळतो तो पाळीवरून परत आल्यावर, आणि कसब कुणाकडेच नाही. ते बाबांकडे आहे, कारण पाड्यावरची खळी आयुष्यभर त्यांनीच केली. आता बरीचशी झोडणी ताडपत्रीवर उरकते. खळ्याला गिऱ्हाईक उरलंय ते हेच.

कृती सांगायला एक वाक्य पुरतं: धसकटं खणायची, ढेकळं फोडायची, वारुळाची माती चाळून पसरायची, पाणी मारायचं, चोपायचं आणि शेणानं सारवायचं. पण बघत बसलं की कळतं, सगळा वेळ जातो तो थांबण्यात. बाबा मातीत अंगठा दाबतात. ठशात पाणी चमकलं तर चोपणं बाजूला ठेवून बिडी काढतात. ठशाच्या कडा भुरभुरल्या तर वेळ टळली, पुन्हा पाणी. या दोन्हींच्या मधे जी थोडकी घटका असते तेवढ्यात हात चालवायचा. चोपणं खैराचं, एका बाजूनं सपाट, मुठीच्या जागी झिजून बारीक झालेलं. सुरुवातीला आवाज बद्द येतो. तासाभरानं त्याच जागेवर तो कोरडा, टणक होतो, आणि बाबा न बघता वीतभर पुढे सरकतात. डोळ्यांपेक्षा कानांवर त्यांचा भरवसा जास्त आहे.

लांबी त्यांनी ढांगा टाकून घेतली होती. बावीस. एका मुलानं कारखान्यातला टेप आणून तपासलं. बावीस यार्ड म्हणजे २०.१२ मीटर, आणि बाबांची ढांग यार्डापेक्षा आखूड, त्यामुळे एक टोक पुढे सरकवावं लागलं. तेवढा पट्टा पुन्हा खणला. बाबा काही बोलले नाहीत, फक्त त्या मुलालाच खणायला लावलं.

"चाळीस हंडे पाणी लागलं," संघाचा कप्तान मला अभिमानानं सांगत होता. मोटरसायकलला कॅन बांधून मुलांनी ते विहिरीवरून स्वतः वाहिलं होतं. बांधावर बसलेल्या बाईंनी ते ऐकलं. "चाळीस!" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "घरात एक आण म्हटलं तर याचे पाय दुखतात, ताई." कप्तान त्यांचाच मुलगा निघाला.

हसण्यावारी गेलं खरं, पण हा आकडा काही माझ्या डोक्यातून जाईना. पौषात इथल्या विहिरींना पाणी असतं. होळीनंतर त्या तळ दाखवू लागतात, आणि मग एकेका हंड्यासाठी बायकांना किती चालावं लागतं हे या भागात कुणाला सांगायला नको. याच पालघर जिल्ह्यातल्या सूर्या प्रकल्पाचं पाणी वसई-विरारच्या नळांना जातं. त्या मानानं चाळीस हंडे म्हणजे काहीच नाही. तरी त्या बाईंनी ते मोजले होते, आणि मला त्यांचं मोजणं रास्त वाटलं.

रविवारी पुन्हा गेले ते निम्मं त्या वासासाठी. सारवण वाळत आलं की ओल्या मातीचा आणि शेणाचा मिळून एक वास सुटतो, किंचित आंबूस, सणाच्या आदल्या दिवशीच्या अंगणाचा. भर खेळात, लाउडस्पीकरच्या गोंगाटातही तो येत होता. पहिल्या सामन्यानंतर चेंडू हातात घेतला तर त्यालाही तोच वास. पोपटी रंगाचा टेनिसचा चेंडू, पण पोटावर तपकिरी पट्टा उमटलेला.

"आमच्याकडे चेंडू मुद्दाम असा करून मग खेळायला घेतात," पंच म्हणून आलेले सर म्हणाले.

सर डहाणू तालुक्यात एका शाळेत पीटी शिकवतात. मूळचे जळगावकडचे. जळगाव-अमरावतीकडे सॉफ्टबॉल आणि बेसबॉल शाळाशाळांतून रुजलेत. सर त्यातच वाढले आणि नोकरीनं इकडे आले. त्यांच्या पिशवीत कायम एक चामडी ग्लोव्ह आणि एक पांढरा बेसबॉल असतो. इथे त्यांना क्रिकेटचे पंच म्हणून बोलावतात. ते येतात, आणि दोन षटकांच्या मधे बेसबॉल शिकवतात.

चेंडू मळवण्याची ती हकिगत त्यांच्याकडूनच सुरू झाली. अमेरिकेत पूर्वी एकच चेंडू काळाकुट्ट होईपर्यंत वापरत. १९२० च्या ऑगस्टमध्ये क्लीव्हलँडच्या रे चॅपमनच्या डोक्याला असा एक चेंडू लागला आणि दुसऱ्या दिवशी तो दगावला. तो चेंडू त्याला धड दिसलाच नसावा, असं तेव्हापासून म्हटलं जातं. मग स्वच्छ, नवे चेंडू खेळात आणायचं ठरलं. पण नवा चेंडू गुळगुळीत असतो, पिचरच्या बोटांतून निसटतो. मैदानातलीच माती आणि पाणी चोळून बघितलं, तंबाखूचा रसही लावून बघितला. शेवटी १९३० च्या दशकात लेना ब्लॅकबर्न नावाच्या प्रशिक्षकाला न्यू जर्सीत, डेलावेअर नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी हवा तसा चिखल सापडला. ती जागा आजही गुप्त ठेवली आहे, आणि मेजर लीगचे चेंडू आजही सामन्याआधी तोच चिखल चोळून मैदानात उतरतात. २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी तो तपासला: ओला असताना सहज पसरतो आणि वाळल्यावर त्यातली बारीक रेती बोटांना पकड देते.

मी ते बाबांना सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "चेंडूला लावतात, मग जमिनीला काय लावतात?"

या प्रश्नावर सर पंचगिरी सोडून बराच वेळ बोलले. पिचरच्या पायाखालच्या रबरी पट्टीपासून होम प्लेटपर्यंत ६० फूट ६ इंच अंतर, म्हणजे १८.४४ मीटर. आपल्या पिचपेक्षा थोडंच कमी. पण चेंडूनं या प्रवासात जमिनीला शिवायचंच नसतं. क्रिकेटचा गोलंदाज धावत येतो, हात सरळ ठेवतो, कारण कोपर १५ अंशांहून जास्त सरळ झालं तर ती फेक ठरते. तो चेंडू बहुतेक वेळा जमिनीवर आपटतो आणि पुढचं काम मातीवर सोपवतो. पिचर उभ्या जागेवरून कोपर वाकवून फेकतो आणि सगळी करामत हवेतच संपवतो. म्हणून चिखल तिकडे चेंडूला लागतो आणि इकडे जमिनीला. क्रिकेटच्या खऱ्या, म्हणजे सीझन बॉलची तर गंमत आणखी उलटी: त्याची एक बाजू मांडीवर घासून घासून चकाकती ठेवायची आणि दुसरी खरबरीत होऊ द्यायची.

सर याला बेसबॉलचं श्रेष्ठत्व मानतात. जमीन चांगली की वाईट यावर काही अवलंबून नाही, म्हणून खेळ जास्त न्याय्य, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. बेसबॉलवाल्यांनाही मातीशी हिशेब करावाच लागला. पिचर उभा राहतो तो मातीचाच उंचवटा. १९६८ साली बॉब गिब्सन या पिचरनं फलंदाजांना इतकं जखडून ठेवलं की त्याची धावा देण्याची सरासरी १.१२ वर आली. पिचरांचीच सद्दी झालेल्या त्या हंगामानंतर, १९६९ पासून उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला गेला. पाच इंच माती काढली आणि खेळ बदलला. ती खोऱ्यानं कुणी काढली, ते मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

तिसऱ्या सामन्यात पिच एका जागी उखडलं. नेमकं गोलंदाजाच्या टप्प्यावर, तळहाताएवढं. त्यावर पडलेले दोन चेंडू घोट्याखालूनच गेले. बाबा कुणाला न विचारता आत आले. मुठीत ओली माती होती. ती त्यांनी खळग्यात भरली, टाचेनं दाबली, चोपण्याचे चार ठोके दिले, वर चिमूटभर कोरडी धूळ भुरभुरवली आणि बाहेर पडले. लाउडस्पीकरवरचा निवेदक तेव्हा सरपंचांचे, बोकड देणाऱ्यांचे आणि टी-शर्ट देणाऱ्यांचे आभार मानत होता. त्या यादीत बाबांचं नाव शेवटपर्यंत आलं नाही. वानखेडेवर माती लाल की काळी यावर टीव्हीवर तासभर चर्चा रंगते, क्युरेटरला माइकसमोर उभं करतात. इथे मात्र पिच आपोआप उगवलेलं असतं!

खेळ बघताना सरांचा एक मुद्दा मात्र मान्य करावा लागला. इथली मुलं खेळतात ते क्रिकेट बरंचसं बेसबॉलकडे झुकलेलं आहे. विकेटकीपरच्या मागच्या खाचरात वाल पेरलेले होते, त्यामुळे नियम ठरला: मागे रन नाही. शिवाय मागे चेंडू गेला की वालाच्या मालकिणीच्या शिव्या. म्हणजे लेटकट, ग्लान्स सगळं बाद. क्रिकेटमध्ये चारही दिशा मोकळ्या असतात आणि बेसबॉलमध्ये समोरचा नव्वद अंशांचा कोनच खरा, बाकी फाउल. वालाच्या शेतानं इथल्या क्रिकेटलाही तसाच कोन आखून दिला होता. सहा षटकांत थांबायला वेळ नाही, म्हणून प्रत्येक चेंडूवर आडवी बॅट. फरक राहतो तो इतकाच, की इथे चेंडू मारूनही फलंदाज जागेवर उभा राहू शकतो. बेसबॉलमध्ये चेंडू फाउल रेषांच्या आत पडला की ९० फुटांवरचा पहिला बेस गाठायला सुटलंच पाहिजे.

सरांना या मुलांत पिचर दिसतात. २००८ मध्ये एका अमेरिकन एजंटानं भारतात वेगानं चेंडू फेकणाऱ्यांची स्पर्धा घेतली. त्यातून निवडलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल पिट्सबर्ग पायरेट्सकडे गेले. दोघेही उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू होते, क्रिकेटर नव्हते. सर ही गोष्ट मुलांना दर वेळी सांगतात. मुलांना मात्र शार्दुल ठाकूरची गोष्ट पुरते. तो पालघरचा, पहाटेची गाडी पकडून मुंबईला सरावाला जायचा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण शार्दुल सीझन बॉलवर, मुंबईच्या पिचवर घडला. टेनिसवरून सीझनकडे जायला गाडीचा पास लागतो, किट लागतं, आणि कारखान्यातली पाळी सोडावी लागते. त्याबद्दल लाउडस्पीकरवर कुणी बोलत नाही.

जेवणाच्या सुट्टीत सरांनी ग्लोव्ह काढली. मुलं आधी हसली. इथे सगळे झेल उघड्या हातांनी, टेनिसचा चेंडू काही हात मोडत नाही. मग कप्तानानं ग्लोव्ह चढवली आणि सरांनी दहा ढांगांवरून बेसबॉल फेकला. चामड्यात फटकन आवाज झाला. कप्तानानं हात झटकला आणि म्हणाला, "पुन्हा टाका, सर."

सरांनी लगेच डाव साधला. पुढच्या महिन्यात याच खाचरात बेसबॉलचा एक सामना घेऊ. पिच नको, सारवण नको, चाळीस हंडे नकोत. चार बेसची पोती मी आणतो, फक्त मधे दहा इंचांचा उंचवटा करून द्या.

बाबा बोकडाच्या दोरीची गाठ सोडवत होते. "उंचवटा मधे?" त्यांनी विचारलं. "मिरगाला इथे चिखलणी करायची असते, सर. मधे टेकाड राहिलं तर त्याच्यावर पाणी चढेल का? आवण तिथेच सुकेल."

"खेळून झाला की काढून टाकू."

"कोण काढणार?"

सरांनी मुलांकडे बघितलं. मुलं बोकडाकडे बघत होती. कप्तानाची आई बांधावरून म्हणाली, "आणि टेकाड काय कोरड्या मातीचं उभं राहतं का? त्याला हंडे किती, ते आधी विचारा."

बाबांनी उभ्या जागी हिशेब केला. पिच लांब, पण त्याचा थर पातळ. टेकाडाचा थर जाड, आणि गोलंदाजाचा पाय एकाच जागी आपटणार म्हणजे ते रोज भरावं लागणार. पाणी कमी लागणार नाही, जास्तच लागेल. माती वारुळाचीच हवी, आणि जवळचं वारूळ या पिचमध्ये संपलं होतं.

"नदीपलीकडे एक आहे," कप्तान म्हणाला.

"मग जा, घेऊन ये," बाबा म्हणाले, आणि चौथ्या सामन्यासाठी पिचवर पाणी शिंपडायला निघाले.