सायनोटाइपसाठी डिजिटल निगेटिव्ह: आधी कॅलिब्रेशन!

सायनोटाइप १८४२ सालचा, जॉन हर्शल यांचा शोध. आता त्याची निगेटिव्ह इंकजेट प्रिंटरवर, पारदर्शक फिल्मवर काढता येते. प्रिंटमधले मधले टोन नीट येत नसतील तर हा क्रम पाळा:

१) कोऱ्या फिल्मखाली वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या पट्ट्या काढा. निळा रंग ज्या किमान वेळात पूर्ण गडद होतो, तो वेळ पक्का करा.
२) तेवढ्याच वेळात सर्वांत दाट शाईखालचा कागद पांढरा राहायला हवा. नाहीतर शाई वाढवा.
३) काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २१ टप्प्यांची पट्टी छापा. प्रिंट पूर्ण वाळल्यावर स्कॅन करून करेक्शन कर्व्ह बनवा.
४) कर्व्ह लावून पट्टी पुन्हा तपासा.

ऊन सतत बदलतं, म्हणून यूव्ही दिवा बरा. कागद, शाई किंवा रसायन बदललं की कॅलिब्रेशन नव्याने करा.