अपडेट मारलं की फिक्स येतो?

मोजणीच्या कामावर रोव्हर, म्हणजे पोलवर बसवलेला उपग्रह-रिसीव्हर, फिक्स देईना, की दोन सल्ले हमखास ऐकू येतात. एक जण म्हणतो, "फर्मवेअर जुनं असेल, अपडेट मार." दुसरा म्हणतो, "चालू मशीनला हात लावू नकोस, आहे तेही जाईल." मी दोन्ही सल्ले ऐकले आहेत, दोन्ही दिले आहेत आणि दोन्हींपायी उन्हात ताटकळलोही आहे. ते फर्मवेअर आत बसून नक्की करतं काय, हा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही.

रोव्हर सेंटिमीटरच्या भाषेत बोलतो तो एका हिशेबाच्या जोरावर. उपग्रहाच्या एल-१ लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर. आपला पोल ते उपग्रह या अंतरात अशा पूर्ण लहरी किती बसतात, हे उपग्रह सांगत नाही. अनेक उपग्रहांची निरीक्षणं आणि बेसकडून, म्हणजे माहीत असलेल्या बिंदूवर ठेवलेल्या दुसऱ्या रिसीव्हरकडून, येणारं करेक्शन यांचा मेळ घालून तो आकडा काढावा लागतो. तो पूर्णांकात पक्का सुटला की फिक्स, नाही सुटला तर फ्लोट. लहरी ऐकण्याचं काम अँटेनाचं आणि आतल्या बोर्डाचं. मेळ घालण्याचं काम फर्मवेअरचं. म्हणजे अपडेटनं हिशेबनीस बदलतो, कान तेच राहतात. बहुतेक गैरसमज या दोघांची गल्लत झाल्यानं होतात.

सगळ्यात लाडका गैरसमज म्हणजे अपडेटनं अचूकता वाढते. या वर्गातल्या रिसीव्हरच्या माहितीपत्रकावर आडव्या अचूकतेसाठी साधारण "८ मि.मी. + १ पीपीएम" असं लिहिलेलं असतं. पीपीएम म्हणजे बेसपासून दर किलोमीटरला एक मिलिमीटरची भर. बेस १० किलोमीटरवर असेल तर ८ आणि १० मिळून १८ मिलिमीटर, तेही मोकळ्या आकाशाखाली. हा आकडा कुठल्याही अपडेटनं ५ होत नाही. आंब्याच्या झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडला लागून पोल धरला, तर पत्र्यावरून उसळून आलेली लहर मोजणीत घुसणारच. चांगलं फर्मवेअर अशी लहर ओळखून तिला कमी वजन देतं, फिक्स लवकर मिळवतं आणि खोटा फिक्स देण्याऐवजी फ्लोटवर थांबण्याचा प्रामाणिकपणा दाखवतं. माझ्या लेखी हा शेवटचा गुण सर्वांत मोलाचा. मिळालेला फिक्स चुकीचा निघाला तर हद्दीची खूण शेजाऱ्याच्या उसात जाते.

एका बाबतीत मात्र नव्या फर्मवेअरचा फरक डोळ्यांना दिसतो, आणि ती म्हणजे आयनोस्फिअर, उपग्रहाचे संकेत ज्यातून येतात तो सूर्यामुळे भारलेला वातावरणाचा वरचा थर. सूर्याचं चक्र सुमारे ११ वर्षांचं. सध्याचं पंचविसावं चक्र २०२४ च्या सुमारास ऐन भरात होतं. त्या वर्षी १० आणि ११ मे रोजी आलेल्या सौर वादळात अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना ऐन पेरणीत उपग्रहाच्या दिशेवर चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले. आपल्याकडे इतकं मोठं वादळ लागतही नाही. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतातून जातं, त्यामुळे आपल्या डोक्यावरचं आयनोस्फिअर एरवीही बेचैन असतं. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास सूर्यास्तानंतर तर उपग्रहांचे संकेत अक्षरशः लुकलुकतात. असा अस्थिर संकेत वेळीच ओळखून हिशेबाबाहेर ठेवणं हे शुद्ध गणिताचं काम आहे, आणि ते अपडेटमधून सुधारू शकतं. तरीही संध्याकाळी फिक्स गेला, की फर्मवेअरला शिव्या देण्याआधी उरलेलं काम सकाळवर टाकावं.

दुसरा गैरसमज उपग्रहांचा: "अपडेट केलं की नवे सगळे उपग्रह दिसतील." काही दिसतील, काही जन्मात दिसणार नाहीत. चीनच्या बायडू या उपग्रहयंत्रणेची गोष्ट पाहा. बऱ्याच जुन्या फर्मवेअरमध्ये बायडूच्या उपग्रहांचे क्रमांक ३७ पर्यंतच धरलेले होते. तिसऱ्या पिढीची रचना जुलै २०२० मध्ये पूर्ण झाली तेव्हा क्रमांक त्याच्या पुढे गेले होते. संकेत अँटेनापर्यंत पोचत होता, जुनी बी-१-आय वारंवारताही चालूच होती, फक्त हिशेबाच्या वहीत त्या क्रमांकांना रकाना नव्हता. तिथे अपडेटनं आकाशात एकदम गर्दी झाली आणि लोकांना तो चमत्कार वाटला.

युरोपच्या गॅलिलिओची हाय अ‍ॅक्युरसी सेवा याच्या उलट टोकाची. जानेवारी २०२३ पासून ती फुकट आहे आणि बेसशिवाय काही डेसिमीटरपर्यंतची अचूकता देण्याचा तिचा दावा आहे. पण उपग्रहाकडून ती थेट घ्यायची तर ई-६ ही वारंवारता ऐकू यायला हवी. ज्या अँटेनाची आणि बोर्डाची घडण तिच्यासाठी नाही, तिथे कितीही अपडेट करा, बहिऱ्यापुढे कीर्तन. आपल्या नाविक या भारतीय उपग्रहयंत्रणेचंही तसंच. नाविकचा एल-५ संकेत जीपीएसच्या एल-५ च्याच वारंवारतेवर, म्हणजे ११७६.४५ मेगाहर्ट्झवर येतो. ज्या बोर्डाला एल-५ ऐकू येतो त्याला नाविक शिकवता येण्याजोगं असतं, अर्थात कंपनीनं मनावर घेतलं तर. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ पासून नाविक एल-१ वरही बोलू लागला आहे. नाविकचा एस बँड मात्र २४९२ मेगाहर्ट्झच्या आसपास आहे. मोजणीच्या नेहमीच्या रोव्हरला तो कान नसतो आणि फर्मवेअरनं तो फुटत नाही.

आता दुसऱ्या सल्ल्याकडे. "चालू आहे ना, मग राहू दे." हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण रिसीव्हरच्या पोटात एक घड्याळ असतं आणि त्याला आठवडे मोजावे लागतात. जीपीएसचा काळ ६ जानेवारी १९८० ला सुरू झाला. मूळ संदेशात आठवड्याच्या क्रमांकाला फक्त १० बिट दिलेले आहेत, म्हणून ० ते १०२३ असे १०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते. १०२४ आठवडे म्हणजे १९ वर्षं आणि साडेसात महिने. पहिली फेरी ऑगस्ट १९९९ मध्ये संपली. दुसरी संपली ती आपल्या घड्याळात ७ एप्रिल २०१९ च्या पहाटे साडेपाचला, १८ सेकंद कमी. तिसरी नोव्हेंबर २०३८ मध्ये संपेल.

इथवर अनेकांना माहीत असतं आणि म्हणून ते २०३८ पर्यंत निर्धास्त राहतात. मेख पुढे आहे. रिसीव्हरला मिळतो फक्त "आठवडा क्रमांक अमुक". ही कितवी फेरी हे उपग्रह त्या संदेशात सांगत नाही, ते फर्मवेअरला ठरवावं लागतं. त्यासाठी प्रोग्रॅमर मंडळी एक सोपी युक्ती करतात: हे फर्मवेअर ज्या आठवड्यात तयार झालं, त्याआधीची तारीख असूच शकत नाही असं धरून चालायचं. युक्ती उत्तम, पण तिला १०२४ आठवड्यांची मुदत आहे. २००५ च्या सुरुवातीला बांधलेलं फर्मवेअर त्यामुळे २०२४ च्या उत्तरार्धात गडबडतं, २०३८ ची वाट पाहत नाही. प्रत्येक जुन्या मशीनची मुदत वेगळी आणि ती खोक्यावर छापलेली नसते.

न्यूयॉर्क शहराला २०१९ ची फेरी चांगलीच महागात पडली. शहराचं स्वतःचं वायरलेस जाळं ६ एप्रिलला कोसळलं आणि सावरायला दहाएक दिवस गेले. वाहतुकीचे दिवे नियंत्रित करण्यापासून पोलिसांच्या नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्यांपर्यंतची कामं त्या जाळ्यावर होती. तारीख आधीपासून जगजाहीर असताना हे झालं. दुसरा प्रसंग ऑक्टोबर २०२१ चा. जीपीएस-डी नावाचा मुक्त सॉफ्टवेअर प्रोग्रॅम असंख्य उपकरणांत रिसीव्हरकडून वेळ घेतो. त्याच्या काही आवृत्त्यांतल्या चुकीमुळे २४ तारखेला घड्याळ १०२४ आठवडे मागे, थेट मार्च २००२ मध्ये जाणार होतं. चूक आधीच पकडली गेली आणि सुधारित आवृत्ती निघाली, पण ती घालणार कोण? चालू मशीनला हात न लावणारेच फसणार.

अशा वेळी रोव्हरची जागा सहसा चुकत नाही, कारण तिच्या हिशेबाला आठवड्यातले सेकंद पुरतात. चुकते ती नोंदीवरची तारीख. मग कार्यालयात बसून निरीक्षणांवर प्रक्रिया करायला गेलं, की त्या दिवसाच्या उपग्रह-कक्षेची फाइल जुळत नाही आणि माणूस दोन दिवस स्वतःला दोष देत बसतो.

अपडेट करण्याचं आणखी एक कारण अलीकडचं. खोटे संकेत सोडून रिसीव्हर फसवण्याचे प्रकार वाढल्यावर गॅलिलिओनं आपल्या संदेशावर एक प्रकारची डिजिटल मोहोर उमटवायला सुरुवात केली. जुलै २०२५ मध्ये ही सेवा अधिकृतपणे चालू झाली. ती ई-१ या नेहमीच्याच संकेतावर येते, म्हणजे कान पुरेसे आहेत. मोहोर ओळखायला फर्मवेअर मात्र नवं लागतं.

सर्वांत जास्त भांडणं होतात ती तिसऱ्या समजुतीवरून: "अपडेटनंतर तोच दगड दोन सेंटिमीटर वर आला, म्हणजे मशीन बिघडलं." बिघडलं असेलही, पण आधी अँटेना पाहावी. अँटेना संकेत घेते तो बिंदू तिच्या तळाशी नसतो आणि सगळ्या वारंवारतांसाठी एकही नसतो. हा फरक किती, याचं कोष्टक फर्मवेअरमध्ये किंवा कंट्रोलरमध्ये असतं. अपडेटनं कोष्टक बदललं, किंवा यादीतली अँटेना चुकून दुसरीच निवडली गेली, की उंचीत काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटरपर्यंत फरक येतो. जगभरच्या संदर्भ केंद्रांची सांगड घालणाऱ्या आयजीएस या संस्थेनं २७ नोव्हेंबर २०२२ रोजी आपली संदर्भचौकट आणि अँटेनांची कोष्टकं एकदम बदलली, तेव्हा बेसशिवाय मोजणाऱ्यांचे निर्देशांक दगड न हलता हलले. त्यातच आपलं भूपट्ट दर वर्षी सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतं. निर्देशांक कुठल्या चौकटीतले आणि कुठल्या वर्षाचे, हे लिहिलं नसेल तर २०१५ चा आकडा आणि आजचा आकडा यांची तुलनाच करता येत नाही. महाराष्ट्रात भारतीय सर्वेक्षण विभागाची ७७ कोर्स केंद्रं, म्हणजे सतत चालू असणारी संदर्भ केंद्रं, आहेत. मोजणीचे रोव्हर त्यांच्याकडून करेक्शन घेतात तेव्हा चौकट त्या जाळ्याची असते, तुमच्या फर्मवेअरची नव्हे. म्हणून जाळ्यावर काम करताना दगड खरंच सरकल्यासारखा वाटला, तर संशय आधी अँटेनावर, मग पोलच्या उंचीवर आणि फर्मवेअरवर शेवटी.

"अपडेट आयुष्यभर फुकट" हा समज दुकानातच दूर करून घ्यावा. बऱ्याच कंपन्यांत वॉरंटीची तारीख उलटल्यानंतर बांधलेलं फर्मवेअर मशीन स्वीकारतच नाही, मुदत विकत वाढवावी लागते. आणि फुकटात कुणीतरी पाठवलेली फाइल तर घालूच नये.

राहिला प्रश्न वेळेचा. एका मोजणीच्या आदल्या रात्री, केवळ पडद्यावर "नवी आवृत्ती उपलब्ध" दिसलं म्हणून, मी रोव्हर अपडेट केला. बेस तसाच ठेवला. रोव्हरच्या रेडिओची मांडणी मूळपदावर गेली आणि सकाळी दोघं एकमेकांशी बोलेनात. दोन्ही बाजूंचे खातेदार, पंच, सगळे बांधावर हजर, आणि मी टोपी घालून मेनूमध्ये चॅनेल शोधतोय. तेव्हा कळलं की खोक्यात फर्मवेअर एक नसतं. मुख्य बोर्डाचं वेगळं, रेडिओचं वेगळं, मोडेमचं वेगळं, पोल कलता धरता येतो त्या सेन्सरचं वेगळं.

आता मी काम नसलेल्या आठवड्यात अपडेट करतो, बॅटरी पूर्ण भरून, मांडणीची प्रत काढून, बेस आणि रोव्हर दोन्ही एका बैठकीत. आधी एका पक्क्या बिंदूवर निरीक्षण घेतो, नंतर त्याच बिंदूवर त्याच पोलनं पुन्हा. कंपनीनं सोबत दिलेलं बदलांचं टिपण वाचतो. माझ्या कामाचं त्यात काहीच नसेल तर ती आवृत्ती सोडून देतो. हैदराबाद आणि बंगळूरुच्या आयजीएस केंद्रांच्या नोंदवहीत फर्मवेअर कुठल्या तारखेला बदललं हे लिहिलेलं असतं. निरीक्षणांच्या रायनेक्स फाइलच्या शीर्षकातही त्यासाठी जागा असते. मी मोजणीच्या वहीत पोलच्या उंचीशेजारी तसा एक रकाना आखून घेतला आहे.