भाग १४ : हवेत गेलेली रेघ

"वरून पाहिलं तर आकार अगदी बंद दिसतो, पण एक्स्ट्रूड होत नाही." हा प्रश्न मला पुण्याहून येतो, इंदूरहून येतो, आणि इथे रायपूरमध्ये तर रोजचाच आहे. आमच्या उरला-सिलतरा पट्ट्यात शेड, ट्रस, कन्व्हेअरचे सांगाडे यांची कामं भरपूर, त्यामुळे कॅडवर बसणारी मुलंही भरपूर. शॉपमध्ये या दुखण्याला सुटसुटीत नाव आहे : "लाइन हवा में है." शब्द हिंदी असले तरी निदान अचूक आहे. रेघ आपल्या प्रतलावरून, म्हणजे प्लेनवरून, उचलली गेली आहे.

ती उचलली कशी जाते ते आधी पाहू, कारण इलाज त्यावर ठरतो. माउस सपाट टेबलावर फिरतो, पडदाही सपाट. तुम्ही क्लिक करता तेव्हा सॉफ्टवेअरला तुमच्याकडून दोनच आकडे मिळतात. तिसरा, खोलीचा आकडा, म्हणजे झेड, त्याला स्वतःच ठरवावा लागतो. रिकाम्या जागी क्लिक केलंत तर ते चालू प्रतलाचा झेड घेतं. पण एखाद्या टोकाला, छेदबिंदूला किंवा वर्तुळाच्या केंद्राला स्नॅप केलंत, तर त्या बिंदूचा स्वतःचा झेड उचलतं. वरून बघणाऱ्याला दोन्ही क्लिक सारखेच दिसतात. रेघ हवेत जाते ती बहुतेक वेळा इथेच.

इथलंच उदाहरण घ्या. शेडच्या जागेचा टोटल स्टेशनने सर्व्हे होतो आणि फाइल ऑटोकॅडमध्ये येते. रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर आहे, त्यामुळे सर्व्हेच्या प्रत्येक बिंदूला त्या आसपासचा झेड असतो. समजा एक कोपरा २९७.६२ आणि दुसरा २९८.०४. तुम्ही त्यांना स्नॅप करून प्लॉटची हद्द काढली, तर प्रत्येक रेघ जमिनीच्या चढउतारासोबत तिरकी जाते. आता मजा बघा. ३० मीटरच्या बाजूवर ०.४२ मीटरचा चढ असला, तरी रेघेची खरी लांबी होते ३०.००३ मीटर. फरक फक्त ३ मिलिमीटरचा! म्हणजे डायमेन्शन बघून चूक कळत नाही, डोळ्यांनाही कळत नाही. कळतं ते रीजन कमांड आकार नाकारते तेव्हा, किंवा पीएडिटचं जॉईन रेघा जोडत नाही तेव्हा. लोक मग तासभर टोकं झूम करकरून फट शोधत बसतात. फट असते, पण ती उभ्या दिशेला असते. वरून ती कशी दिसणार?

म्हणून तपासायचं ते आकड्यांत. सगळ्या रेघा निवडा, प्रॉपर्टीज उघडा, स्टार्ट झेड आणि एंड झेड बघा. तिथे एक आकडा न येता 'व्हेरीज' असं आलं की रोग सापडला. दोनच बिंदूंबद्दल शंका असेल तर डिस्ट कमांड द्या, ती डेल्टा झेड सांगते. फ्रंट व्ह्यूमधून पाहणं हीसुद्धा चांगली सवय आहे, पूर्ण स्केच तिथे एकाच आडव्या रेघेसारखं दिसायला हवं. पण अर्ध्या मिलिमीटरचा फरक त्यातूनही निसटतो, म्हणून माझा भरवसा आकड्यांवरच.

या हद्दीचं औषध सोपं आहे. आपल्याला जमिनीचा नकाशा हवा आहे, चढ नको. तेव्हा स्टार्ट आणि एंड झेड शून्य करा, किंवा एक्सप्रेस टूल्समधली फ्लॅटन कमांड वापरा. आधी फाइलची प्रत ठेवा, कारण फ्लॅटन ब्लॉक आणि हॅच यांच्याशी कधीकधी फार आपुलकीने वागत नाही. पुढे काढताना ओस्नॅपझेड हे व्हेरिएबल १ ठेवा. मग स्नॅप केलेला बिंदू कितीही उंचीवर असला तरी रेघ चालू एलेव्हेशनवरच राहते. काम संपलं की ते परत ० करा, नाहीतर खरं थ्रीडी काम करताना तेच उलटं नडेल.

बाकीच्या सॉफ्टवेअरमध्ये तत्त्व तेच, बटणं वेगळी. फ्यूजनमध्ये स्केच पॅलेटमधली 'थ्रीडी स्केच'ची खूण चुकून चालू आहे का ते आधी बघा. सॉलिडवर्क्सचं साधं स्केच प्रतल सोडत नाही, तिथे गडबड होते थ्रीडी स्केचमध्ये. टॅब दाबून प्रतल बदलतं, तिकडे लक्ष ठेवा आणि रेघेला 'ऑन प्लेन' रिलेशन द्या. राइनो वापरणाऱ्यांनी ओस्नॅपच्या पट्टीतलं 'प्रोजेक्ट' चालू ठेवावं. स्केचअपमध्ये फेस तयार झाला नाही की समजा एखादी कड उचलली गेली आहे. काढतानाच बाणाच्या कळीने अक्ष लॉक करा.

आता महत्त्वाचा भाग. फ्लॅटन हे प्रत्येक वेळी औषध नसतं, काही वेळा ते विष ठरतं.

शेडचं छप्पर १० अंश उताराचं आहे. छपराच्या प्रतलातली ब्रेसिंगची गसेट प्लेट तुम्ही मॉडेलमध्ये तिच्या जागेवरच काढली : लांबी ६०० मिमी, उताराच्या दिशेने दोन भोकांमधलं अंतर ५००. तिची बाह्यरेषा तशीच डीएक्सएफ करून लेझर कटिंगला पाठवायची, तर ती तिरकी आहे. म्हणून कुणीतरी फ्लॅटन मारतं, किंवा कटिंगचं सॉफ्टवेअर झेड सोडून देतं. आकार सपाट होतो, पण तो प्लेटचा आकार नसतो, तिची सावली असते. ६००चे होतात ५९१, भोकांमधल्या ५००चे ४९२.४. एम-२० बोल्टसाठी २२ मिमीचं भोक ठेवलं, तर आपल्याला मिळालेली सूट फक्त २ मिमी. साडेसात मिमीचा फरक त्यात कुठून मावणार? ६०० बाय ३०० च्या, १० मिमी जाडीच्या ४० प्लेटा म्हणजे साडेपाच क्विंटलच्या वर लोखंड. कापून झाल्यावर हे कळलं तर ते भंगाराच्या भावाने जातं.

इथे प्लेट दाबून सपाट करायची नाही, झोपवायची. ऑटोकॅडमध्ये प्लेटचे तीन बिंदू घेऊन थ्रीडीअलाइनने तिला जमिनीच्या प्रतलावर आणा. सॉलिडवर्क्समध्ये प्लेटच्या फेसवर राइट क्लिक करून तोच फेस डीएक्सएफला पाठवा, खरा आकार मिळतो. फ्यूजनमध्ये त्या फेसवर नवं स्केच उघडा, कडा प्रोजेक्ट करा आणि ते स्केच डीएक्सएफ म्हणून सेव्ह करा.

लेझर ऑपरेटरसाठी, आणि फाइल पाठवणाऱ्यासाठीही, एक खूण सांगतो. कुठल्याही गोल भोकावर क्लिक करा. प्रॉपर्टीजमध्ये सर्कल आलं आणि झेड शून्य असला तर पुढे जा. इलिप्स किंवा स्प्लाइन आलं, तर मशीन चालू करण्याआधी पाठवणाऱ्याला फोन लावा. गोल भोक लंबगोल झालं आहे, म्हणजे कुणीतरी तिरकी प्लेट दाबली आहे.